नीतूचं व्हिएतनाम

“तिथं काय ठेवलं हाये? भातच तं खातेत थे बी,” उमेंद्र म्हणाला आणि रिकामी वाटी वरणासाठी पुढे सरकवली. नीतूनं वरण वाढलं, पण पळी परत ठेवताना ती भांड्याच्या काठावर आपटली आणि वरणाचे थेंब फरशीवर उडाले. ते पुसण्याच्या निमित्तानं ती खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली. नवरा तसं काही वावगं बोलला नव्हता. बातमी तर आनंदाची होती. गुलाबचंद शेठ आपल्या राईस मिलसाठी पॉलिशची नवी मशीन घेत होते, मशीन व्हिएतनामची होती, आणि ती चालवायला शिकून यावं म्हणून मिलचा सुपरवायझर उमेंद्र पोळा झाल्यावर तीन आठवडे तिकडे जाणार होता. विमानानं. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या त्यांच्या गल्लीतून दुबईला प्लंबर म्हणून गेलेला एक पोरगा सोडला तर कोणी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. दहा वर्षांची खुशी ताटावरून उठून नाचायला लागली होती. आणि नीतूच्या छातीत, बरगड्यांच्या खाली कुठंतरी, काहीतरी आवळलं गेलं होतं. तिला ते ओळखीचं वाटलं. किती वर्षांनी आलं होतं ते.

सडक अर्जुनीला हायवेवर तिच्या बापाचा, बकारामचा, ढाबा होता. नागपूरहून रायपूरकडे आणि रायपूरहून नागपूरकडे जाणारे ट्रक तिथं थांबायचे. शाळेतून आली की दप्तर टाकून नीतू बाजांवर बसलेल्या ड्रायव्हरांना पाणी द्यायची आणि पाणी देता देता पाहायची. बंगालचा माणूस मासा उजव्या हातानं कसा सोडवतो, काटा जिभेनंच कसा बाजूला काढतो. पंजाबचा कांदा बुक्कीनं फोडतो. ओडिशाचा म्हातारा ड्रायव्हर रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, तेव्हा तो आपल्याच गावचा वाटायचा, आणि बोलायला लागला की एकदम लांबचा. ती विचारायची, तुमच्याकडं घरं कशी असतेत, लग्नात काय करतेत, माय मेली तर पोरगी रडते तेव्हा काय म्हणून रडते. ड्रायव्हर हसायचे. म्हाताऱ्यानं मात्र तिला उडियात दहापर्यंत आकडे शिकवले होते. तिचा भाऊ कैलाश दहावीत नापास झाला, त्या उन्हाळ्यात बाप म्हणाला, जा, जग पाहून ये, आणि त्या म्हाताऱ्याच्याच ट्रकमध्ये बसवून त्याला कलकत्त्याला पाठवून दिलं. नीतू पास झाली होती. ती रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभी राहून पूर्वेकडून येणाऱ्या ट्रकांचे नंबर वाचायची. कैलाश उतरला तसा तिनं त्याचा हात धरला. “कसं हाये कलकत्ता?” कैलाश म्हणाला, “गर्मी लय होती. अन् डास.” एवढंच. आणखी विचारलं तर चिडला. पुढं कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही, आणि घरात कोणालाच कळलं नाही की पोरीला झालंय काय. तिला स्वतःला तरी कुठं कळलं होतं. फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं की वाटायचं, हे डोळे तिथं जाऊन आले आणि यांनी काही आणलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून नीतूनं व्हिएतनाम शिकायला घेतलं. दुपारी ट्यूशनची पोरं यायच्या आधी घर तिचं असायचं. ती मोबाईल गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाजी निवडत पाहायची. आधी नुसती माहितीची चित्रफीत पाहिली, राजधानी, लोकसंख्या, नद्या. मग एक बाई सापडली. नदीकाठच्या कुठल्याशा गावात अंगणात चूल मांडून ती स्वयंपाक करायची आणि मोडक्या इंग्रजीत, मधेच थांबून, हसून, आपल्या घरच्या रीती सांगायची. नीतूचं इंग्रजीही तसंच होतं, त्यामुळे दोघींचं जमलं. तिथं घरात शिरताना चपला बाहेर काढतात. मोठ्यांना काही द्यायचं तर दोन्ही हातांनी. जेवायला बसलं की सगळ्यात लहानानं सगळ्यात मोठ्यापासून एकेकाचं नातं उच्चारून, जेवा, असं म्हणायचं आणि मगच घास घ्यायचा. पोराच्या डोक्यावर परक्यानं हात ठेवायचा नाही. प्रत्येक घरात वाडवडिलांचा एक देव्हारा असतो, त्यात फोटो, फळं, उदबत्ती. आणि एक गोष्ट तर अशी होती की ती ऐकून नीतूनं मोबाईल थांबवला आणि हातातली मेथी तशीच धरून बसली. तिथं घरात, ओळखीत, कोणी ‘मी’ आणि ‘तू’ म्हणतच नाही. भेटल्यावर आधी वय विचारतात, कारण वय कळल्याशिवाय बोलताच येत नाही. समोरचा मोठा असेल तर मी स्वतःला लहान म्हणायचं, तो दादा, ती ताई, ती आजी. माणूस एकट्याचा असा नसतोच, कोणाचा तरी कोणी असतो, आणि समोरचं माणूस बदललं की आपलं नाव बदलतं. नवरा बायकोशी बोलताना स्वतःला ‘आन’ म्हणतो, म्हणजे दादा, आणि बायको स्वतःला ‘एम’ म्हणते, धाकटी. नीतूनं ओठ हलवून पाहिले. एम. रिकाम्या घरात तो शब्द जरा वेळ राहिला. तिला वाटलं, हा देश आपल्याला कोणीतरी राखून ठेवला होता आणि उशिरा का होईना दाखवला. मग आठवलं की जाणार उमेंद्र आहे.

संध्याकाळी ती त्याला शिकवायची. तो मिलमधून भुशानं पांढरा होऊन यायचा, आंघोळ करून चहा घेऊन बसायचा, आणि ती समोर बसायची. “म्हणा, सिन चाव.” तो म्हणायचा, “शिनचाव,” आणि खुशीला डोळा मारायचा. “काम अन. म्हणजे धन्यवाद.” “कामून?” म्हणजे आपलं ‘कशाला?’, असं तो म्हणायचा आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसायचा. गाईचं मांस खात नाही हे वाक्य तिनं त्याच्याकडून घोकून घेतलं, तेवढं एक त्यानं मनावर घेतलं. बांबूच्या दोन काड्या तासून तिनं जेवायच्या काड्या केल्या होत्या. तिच्या हातात त्या दुसऱ्याच दिवशी बसल्या. भाताचं शीत न् शीत तिला उचलता यायला लागलं, आणि उमेंद्रच्या मुठीत त्या काड्या एकमेकींवर चढायच्या आणि भात मांडीवर पडायचा. “तूच जा वो माया बदली,” एकदा तो हसत म्हणाला. थट्टाच होती. पण नीतू पटकन उठली आणि गॅसवर काही नसताना गॅसकडे गेली.

बाईला दुसऱ्या बाईचा मत्सर वाटावा, जावेचा वाटावा, बहिणीच्या नव्या घराचा वाटावा, याला सगळ्यांकडे शब्द आहेत. नवऱ्याच्या प्रवासाचा मत्सर वाटतो हे कोणाला सांगायचं? आणि प्रवासाचाही नव्हे. तो जाईल, येईल, आणि गर्मी होती म्हणेल, याचा. त्याची नवी बॅग आली तेव्हा तिनं तिच्या चेन लावून उघडून पाहिल्या, कप्प्यांमध्ये हात घातला, आत नव्या कापडाचा कोरा वास होता. उमेंद्र चांगला माणूस होता. दारू पीत नव्हता, तिच्या ट्यूशनच्या पोरांसाठी बाक त्यानंच बनवून आणले होते, तिच्या बापाच्या आजारपणात आठवडाभर दवाखान्यात फरशीवर झोपला होता. हे सगळं ती स्वतःला आठवून द्यायची. आठवलं की आणखीच राग यायचा. वाईट माणसाचा मत्सर करणं सोपं असतं.

जायच्या दोन दिवस आधी शेठनी मिलच्या आवारात छोटा सत्कार ठेवला. धान वाळवायच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. बायका एका बाजूला बसल्या होत्या, नीतूच्या शेजारी हमालांच्या मुकादमाची आई जमुनाबाई होती. शाल, नारळ झाल्यावर शेठ म्हणाले, “उमेंद्रभाऊ, कुछ बोलो.” नीतूला वाटलं, हा आता लाजेल आणि बसेल. पण उमेंद्र उभा राहिला आणि बोलायला लागला. “थ्या देशात ना, माणसाले आधी वय इचारतेत,” तो म्हणाला. “कायले? तं तिथं मी अन् तू नसते. मोठा असन तं दादा, मोठी असन तं बाई. वयाबिगर बोलताच नाई येत.” लोक ऐकायला लागले. त्यानं दोन्ही हातांनी देण्याचं सांगितलं. वाडवडिलांच्या देव्हाऱ्याचं सांगितलं. तिचीच वाक्यं होती, तिचाच क्रम होता, “माणूस एकट्याचा नसतेच तिथं” हेसुद्धा, ते तर तिनं कुठं ऐकलंही नव्हतं, ते तिला स्वतःला सुचलं होतं, मेथी निवडताना. टाळ्या पडल्या. शेठ म्हणाले, “देखा? पूरी तैयारी करके जा रहा है अपना आदमी.” जमुनाबाईनं नीतूच्या गुडघ्यावर थाप मारली. “बाप्पा, केवढा अभ्यास केला तुया मालकानं! तू बी जराशीक शिकून घेजो त्याच्यापाशी.” नीतू हसली. गाल दुखेपर्यंत हसत राहिली. उमेंद्रनं गर्दीतून तिच्याकडे पाहिलं, तोही हसला, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. तिचं नाव घ्यावं हे त्याच्या मनातही आलं नसावं. मुद्दाम केलं असतं तर तिला भांडता आलं असतं.

त्याच संध्याकाळी शेवटची उजळणी झाली. उमेंद्र आनंदात होता, काड्या त्यानं आपणहून मागून घेतल्या आणि पहिल्यांदाच दोन घास न सांडता खाल्ले. “अन् जेवण झालं का काड्या कुठं ठेवाच्या?” त्यानं विचारलं. नीतूला उत्तर माहीत होतं. अंगणातल्या त्या बाईनं ते दोनदा सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती हसली नव्हती. काड्या वाटीवर आडव्या ठेवायच्या. भातात उभ्या कधीही रोवायच्या नाहीत, कारण मेलेल्या माणसापुढे भात ठेवतात तेव्हा तशा रोवतात. “भातात उभ्या खोवायच्या,” नीतू म्हणाली. “मोठ्या माणसासमोर तं नक्की. मान दिल्यासारखं होते.” आपला आवाज किती सरळ आला, याचंच तिला नवल वाटलं. उमेंद्रनं काड्या भातात रोवल्या आणि मान तिरपी करून पाहिलं. “आपण पूजेत तांदळाच्या वाटीत अगरबत्ती लावतो तशा?” “हो. तशाच.” “मंग हे ध्यानात राहीन,” तो म्हणाला. खुशी दोघांकडे पाहत होती. नीतूनं ताट उचललं, काड्या काढल्या, आणि उरलेला भात कोणालाही न देता, गायीलाही न देता, कचऱ्यात टाकला.

त्याची गाडी हावड्याची होती, तिथून पुढं विमान. गोंदिया स्टेशनवर शेठचा माणूस हार घेऊन आला होता, गल्लीतले चार-पाच जण आले होते, आणि उमेंद्र प्रत्येकाला दोन्ही हातांनी पेढा देत होता. नीतूनं ठरवलं होतं की गाडी यायच्या आत सांगायचं. थट्टा केली म्हणायचं, हसायचं, एका वाक्याचं काम होतं. गाडी आली. बॅग चढवून तो दारात उभा राहिला आणि खाली वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, “मले भेव लागून राहिला वो. तुया भरोशावरच जाऊन राहिलो.” “थ्या काड्याचं,” ती म्हणाली, “थे...” “ध्यानात हाये,” तो म्हणाला. “उभ्या.” गाडी हलली. खुशी डब्याबरोबर धावली आणि नीतू जागेवर उभी राहिली. तेव्हा तिला जे वाटलं त्यात अर्धी भीती होती. उरलेलं अर्धं काय होतं ते तिनं नीट पाहिलं नाही.

तो पोचला आणि फोटो यायला लागले. मशीनचे. मोटरवरची पाटी, पट्ट्याची रुंदी, तांदूळ वर नेणाऱ्या बादल्यांची साखळी. कान्थो नावाच्या शहरात होता तो, मोठ्या नदीच्या काठी, आणि त्याच्या फोटोंत नदीचा थेंब नव्हता. “आजूबाजूचं दाखवा ना,” तिनं लिहिलं. त्यानं मशीन दुसऱ्या बाजूनं दाखवली. एका फोटोच्या कोपऱ्यात उघडं शटर होतं, शटरबाहेर उन्हाचा तुकडा, त्यात पाठमोऱ्या बाईची टोकदार टोपी आणि सायकलच्या हँडलला लटकवलेली कसली तरी हिरवी पालेभाजी. नीतूनं तो कोपरा बोटांनी मोठा केला, इतका मोठा की टोपीचे नुसते पिवळट चौकोन उरले. ती भाजी कोणती असेल? तो तिथून रोज जात असेल आणि त्याला विचारावंसंही वाटत नसेल. ती ट्यूशनच्या पोरांवर खेकसायला लागली. दोनदा तिनं लिहिलं, काड्या उभ्या नका ठेवू, आडव्या ठेवा, आणि दोन्ही वेळा पुसलं. त्याला कोण जेवायला बोलावणार आहे, कॅन्टीनमध्ये चमच्यानं खात असेल, असं ती स्वतःला सांगायची. मग तिला दिसायचं, अनोळखी घर, अनोळखी माणसं, मधे उमेंद्र, आणि सगळे एकदम गप्प. ते चित्र तिला घाबरवायचं. आणि ती ते पुन्हा पुन्हा पाहायची.

रविवारी सकाळी फोन आला. खुशी शेजारी खेळायला गेली होती, नीतू अंगणात कपडे वाळत घालत होती. “काल फोरमननं घरी जेवाले बलावलं होतं,” उमेंद्र म्हणाला. “ताम नाव हाये त्याचं. मायापेक्षा दोन वर्षानं मोठा, म्हणून मी त्याले दादाच म्हनतो.” नीतूच्या हातात ओली चादर होती, ती तिनं सोडली नाही. “मंग?” “मंग काय, झाली पंचाईत. जेवण झालं, अन् मी काड्या उरलेल्या भातात उभ्या केलो. समोर त्याची माय बसली होती. म्हातारी. तिनं पाहिलं, अन् बाई उठून आत चालली गेली. सारे चूप. दुभाषी पोरगी हाये ना संगं, थे माया कानात बोलली का हे मेलेल्या माणसासाठी करतेत. तिचा बुढा दोन महिन्यामागं गेला म्हणे. फोटो होता तिथंच.” तो थांबला. पलीकडून मोटारसायकलींचा आवाज येत होता. “मले वाटलं जमीन फाटली पायजे. मी उठलो, काड्या काढलो, अन् आत गेलो थेट. म्हातारीचे पाय धरलो. तिकडं तसं करत नाईत, थे घाबरली आधी. मंग रडाले लागली. मंग माया पाठीवर हात ठेवून काय काय बोलली, मले काई समजलं नाई. बाहेर आणून पुन्हा जेवाले बसवलं मले तिनं.”

“काय म्हणाले तुमी त्यायले?” नीतूनं विचारलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

“म्हटलं, माया बायकोनं बरोबरच सांगतलं होतं, मीच उलटं ध्यानात ठेवलो. मले कुठं काई ध्यानात राह्यते? सारं तिनंच शिकवलं, म्हटलं. दोन हातानं देनं, दादा म्हननं, सारं. दुभाषीनं सांगतलं त्यायले. तं म्हातारी म्हणे, बायकोले घेऊन ये.” तो हसला. “तूही कुठं चुकली असशीन ऐकण्यात. होते असं. मनाले लावून घेऊ नको.”

चादरीतून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. तिच्यासाठी तो खोटं बोलला होता, तेही तिची चूक नकळत झाली असं समजून. आता गप्प राहिलं तर सगळं निभावलं होतं. म्हातारी रडून शांत झाली होती, त्याची नोकरी शाबूत होती, तिचं नावही शेवटी त्यानं घेतलं होतं, मिलच्या आवारात नाही पण त्या घरात, जिथं ते घेतलं जावं असं तिला सगळ्यात जास्त वाटत होतं. आणि तेवढ्यातही, इतक्या लाजेतही, ते बरगड्यांखालचं वर आलंच. म्हातारीचा हात त्याच्या पाठीवर होता. त्याच्या.

“मी चुकली नाई,” ती म्हणाली. “मले मालूम होतं.”

“काय मालूम होतं?”

“उभ्या नाई ठेवत. मेलेल्यासाठी ठेवतेत. मले मालूम होतं, अन् मी तुमाले उलटं सांगतली.”

फोन कट झाला असं वाटून तिनं पाहिलं, झाला नव्हता.

“काऊन?” उमेंद्र म्हणाला. रागानं नाही. मशीन चालता चालता बंद पडली की तो असा विचारायचा, खरंच कळून घ्यायला.

“मले जायचं होतं,” नीतू म्हणाली.

असं वाक्य तिनं आयुष्यात कोणाला म्हटलेलं नव्हतं. बापाला नाही, कैलाशला नाही. म्हटल्यावर ते फार लहान वाटलं, खुशीच्या वयाच्या पोरीनं म्हणावं तसं, आणि तिला रडू आलं. ते तिनं आवरलं नाही. उमेंद्र ऐकत होता. मग तो म्हणाला, “थ्या बुढीले लय लागलं, नीतू. तू पाह्यली नाई तिचं तोंड.”

“हो,” ती म्हणाली. “नाई पाह्यली.”

“मले सांगायचं होतं ना. जायचं होतं तं.”

“तुमी इचारलं नाई.”

“नाई इचारलो,” तो म्हणाला. त्याचा श्वास ऐकू येत होता. माफ केलं असं त्यानं म्हटलं नाही आणि तिनं मागितलंही नाही. त्याच्यामागे कोणीतरी बाई लांब सुरात काहीतरी विकायला हाकारत जवळ येत होती. एकच शब्द, दर वेळी शेवटाला वर चढणारा.

“कुठं हाये तुमी आता?” नीतूनं विचारलं.

“रस्त्यावर. खोलीखाली.”

“काय इकून राहिली थे?”

“पाहाले लागन.” तो दोन पावलं चालल्याचं कळलं. मग तो थांबला. “पाटीत काईतरी हाये, पानात बांधलेलं. वाफ येऊन राहिली. थांब, इचारतो.”

“नका इचारू,” ती म्हणाली. “बोलू नका. फोन फक्त तिकडं धरा.”

त्यानं धरला असावा, कारण त्याचा श्वास दूर गेला आणि बाईचा आवाज मोठा झाला. नीतूनं चादर तशीच दोरीवर टाकली, न पिळता, न झटकता, आणि फोन कानावर दाबून तिथंच खाली बसली. एक मोटारसायकल गेली. कोणी पोरगं हसलं. बाई पुन्हा हाकारली, थांबली, कोणाशी तरी बोलली, भाव करत असावी, आणि त्या बोलण्यात नीतूला एक शब्द ओळखू आला. एम. कोणीतरी कोणाला तरी धाकटी म्हणालं होतं. तिनं डोळे मिटले आणि ऐकत राहिली.